सवालाला नोटीस येत नाही

खिडकीखाली रिक्षा अडकली आहे. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत हे रोजचंच. समोर आडतीवर पोती उतरवणारा टेम्पो, मागे कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी, मधल्या फटींत दुचाक्या. पण आजची रिक्षा प्रचाराची आहे. टपावर दोन कर्णे बांधलेत आणि पेनड्राइव्हमधला भारदस्त आवाज भर गल्लीला विचारतोय, "मायबाप हो, पाच वर्षांत तुम्हाला कोणी विचारलं? तुमच्या लेकरांच्या तोंडचा घास कोणी पळवला? आता तरी जागे होणार की नाही?"

आवाज थांबतो. लोकांनी ओरडावं म्हणून सोडलेली जागा आहे ती. तेवढ्यात पाठीवर पोतं घेतलेला हमाल रिक्षावाल्यावर खेकसतो, "जागेच हाओत बाबा, पहाटंपासून! रिक्षा मागं घे आधी!"

"मागं कुठं घेऊ मामू? मागं बी तुमचीच गाडी हाय!"

गल्ली हसली. मीही हसलो. आणि मग मला खुर्चीत बसवेना. कारण सवालानंतर जागा किती सोडायची हे मला माहीत आहे. श्वास घ्यायला पुरेल, पण विचार करायला पुरणार नाही, एवढीच. कैक वर्षं ती जागा मी सोडत आलोय, दुसऱ्याच्या तोंडून.

मी मराठीचा मास्तर. शाळा खाजगी, संस्था आबासाहेबांची. आबासाहेब निवडणुकीला उभे राहिले की आमच्या सुट्ट्या आपोआप रद्द होतात, हे इकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाकडे गाड्या, कुणाकडे जेवणावळी, कुणाकडे सतरंज्या. माझ्याकडे भाषणं आली. "सर, तुमची भाषा गोड," असं आबासाहेब म्हणाले आणि विषय संपला. माझं नाव कुठंच नव्हतं. मला ते बरंच वाटायचं. स्वभावानं मी मागच्या रांगेतला. पण मागच्या रांगेत बसून, आपण कागदावर लिहिलेल्या ओळीवर हजारभर माणसांनी हात वर केलेले पाहण्यात एक नशा असते, हेही खरं. ही गोष्ट मी कैक वर्षं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

सवाल लिहायची सवय मला वर्गातच लागली. धडा संपवून मास्तर विचारतो, "कळलं का?" आणि पोरं एका सुरात म्हणतात, "होऽऽ!" कुणालाच काही कळलेलं नसतं. मास्तरला ते ठाऊक असतं, पोरांनाही ठाऊक असतं. तरी त्या "हो"नं तास सुखरूप संपतो. सभेचंही तसंच. "मी तुमच्यासाठी रात्रीचा दिवस केला की नाही?" "होऽऽ!" रात्रीचा दिवस केलेला कुणी पाहिलेला नसतो. पण शेजारचा ओरडला, आपला कंठ कोरडा ठेवून कसं चालेल? पहिल्यांदा ओरडायला आमची चार माणसं गर्दीत पेरलेली असायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन बायकांच्या मागे. पुढचं काम गर्दी करायची.

घरीही सवाल असतातच म्हणा. "मी काय येडी हाय का?" असं बायको विचारते तेव्हा उत्तर द्यायचं नसतं, एवढं लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं. पण त्या सवालात ती स्वतः उभी असते. सभेतल्या सवालात विचारणारा कुठंच नसतो. तो सवाल फेकतो आणि बाजूला होतो.

ही बाजूला होण्याची कला आबासाहेबांनी मला शिकवली. कुठल्याशा जुन्या निवडणुकीत त्यांनी भर सभेत एकाचं नाव घेऊन आरोप केला होता, त्याची नोटीस आली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तेव्हापासून त्यांचा दंडक होता. जीपमध्ये मागे वळून म्हणायचे, "सर, नाव घ्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई. नाव घेतलं की नोटीस येती. सवालाला नोटीस येत न्हाई."

"मग लोकांना कळणार कसं साहेब?"

"लोकायला सगळं कळतं. आपण फक्त इचारायचं."

मी ते लिहून घेतलं नाही, पण पाठ झालं.

गेल्या खेपेचा तो मोसम अजून नाकात आहे. निवडणूक हिवाळ्यात आली होती. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, पण थंडी मात्र भरपूर. जीपच्या काचेवर सकाळी दव, दुपारी धूळ. घनसावंगीकडं जाताना बांधाबांधावर तुरीची खळी, हिरवट वास. कुठंतरी ज्वारी हुरड्यात आलेली, एखादा कार्यकर्ता गाडी थांबवून गरम हुरडा तळहातावर ठेवायचा. जांब समर्थच्या फाट्यावर चहा. अंगावर शाल, हातात आजच्या भाषणाचे कागद, आणि पुढच्या गावात कोणता सवाल चालेल याचा विचार. एका गावात रस्ता, दुसऱ्यात वीज, तिसऱ्यात पीकविमा. पाण्याचा सवाल सगळीकडे.

आणि मोसंबीच्या बागा. त्या दिवसांत बागा ताणावर असतात. झाडाचं पाणी तोडतात, पानं पिवळी पडू देतात, झाड अगदी मेटाकुटीला आणतात आणि मग एकदम पाणी देतात. म्हणजे झाड फुलून येतं. त्याला ताण तोडणं म्हणतात. आंब्या बहराच्या, म्हणजे थंडीतल्या या फुलोऱ्याच्या, पाण्याला उशीर झाला की वर्षाचं पीक गेलं. चांगल्या सालात विहिरींना पाणी असतं. त्या साली विहिरी कोरड्या होत्या. गावोगाव नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तरीही कुठं कुठं एखादी बाग अचानक पांढरी होऊन घमघमायची. जीपमधून जाताना तो वास यायचा. आम्ही सगळे म्हणायचो, वा!

आमचं गाव त्याच रस्त्यावर. आईवडील गेल्यावर माझं जाणं कमी झालं होतं, पण आमच्या जुन्या घराला लागून कडूबाईचं घर होतं. ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणतो, ती मला बापू म्हणते. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली. तिचा नवरा ग्रामपंचायतीत पाणी सोडायचा. पाइपलाइनचे वॉल फिरवून आज या गल्लीला, उद्या त्या गल्लीला. तो वारला तेव्हा ते काम पंचायतीनं तिलाच दिलं. खांद्यावर ती कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन बाई गावभर फिरायची. पाणी आलं तर कुणाच्या लक्षात नाही, नाही आलं तर कडूबाई.

प्रचाराच्या निमित्तानं गावात गेलो होतो तेव्हा तिच्या ओट्यावर बसलो. तिनं चहा दिला, बिनदुधाचा. म्हणाली, "दूध हाय, पण भांडं धुवायला पाणी न्हाई. म्हणून चहाच काळा केला."

"एवढी टंचाई?"

"टंचाई कशाची? टाकीच्या खालून एक पाइप गेल्ता, कव्हाचा. बुजवला व्हता. आता पुन्हा उकरला. मेव्हण्याच्या बागंत जातो. तुमच्या आबासाहेबाच्या." ती हळू बोलत नव्हती. "मी वॉल फिरवते, टाकीत पाणीच न्हाई. लोक मला बोलतेत. सांग बरं बापू, गावचं पाणी कोणी पळवलं?"

मी कप खाली ठेवला. तिच्या तोंडून तो सवाल आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण का आला, हे आज कबूल करतो. बाईच्या हालानं नाही. ओळ चांगली होती म्हणून. साधी, ठसठशीत, शेवटी आवाज चढेल अशी. गावचं पाणी कोणी पळवलं? परतीच्या वाटेवर मी ती मनात घोळवत होतो. सवाल उचलला आणि उत्तर तिथंच ओट्यावर ठेवून आलो.

ती ओळ भयंकर चालली. दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक सभेत आबासाहेब तर्जनी आभाळाकडं करून विचारायचे, "सांगा, गावचं पाणी कोणी पळवलं?" आणि लोक विरोधी उमेदवाराचं नाव घ्यायचे. आबासाहेब कानावर हात ठेवायचे, जणू ऐकूच आलं नाही. लोक दुप्पट जोरानं ओरडायचे. नोटीस कुणाला पाठवणार? गर्दीला?

मग आमच्या गावची सभा लागली. तेव्हा मी काय केलं ते आता नीट सांगतो. त्या गावापुरता तो सवाल मला वगळता आला असता. मेव्हणे स्वतः मंचावर बसणार होते. वगळायलाच हवा होता, माझ्या नोकरीचा विचार केला तर. पण मी ठेवला. मनात एक चोरटी हुशारी होती. म्हटलं, मी तर बोलणार नाही, पण गाव बोलेल. गावाला माहीत आहेच. भर सभेत मेव्हण्याचं नाव निघेल, आबासाहेबांची दातखीळ बसेल, आणि माझा हात कुणाला दिसणार नाही. जे बळ माझ्यात नव्हतं, त्याचा भार मी गर्दीच्या अंगावर टाकला.

दुपारची वेळ. पंचायतीसमोरच्या मैदानात मांडव. पुढे बायका, मागे पुरुष, कडेला दुचाकीवर बसलेली पोरं मोबाइल वर धरून. कडूअक्का बायकांत तिसऱ्या-चौथ्या ओळीत. कामावरून तशीच आली असावी, कारण चावी मांडीवर आडवी होती. मी मंचाच्या पायऱ्यांपाशी कागद घेऊन उभा.

"सांगा, गावचं पाणी कोणी पळवलं?"

ती ठरलेली शांतता. मी मेव्हण्यांकडं पाहिलं. आणि मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "कडूबाईनं!"

हशा उठला. मोठा, मोकळा, पोट धरून हसतात तसा. मंचावर सगळ्यात आधी मेव्हणे हसले. आबासाहेबांना ही कडूबाई कोण ते ठाऊक नव्हतं. पण त्यांचे कान सभेतले, हशा कुठं आहे ते बराबर कळायचं. त्यांनी वाकून माझ्याकडं पाहिलं. नुसत्या भुवया वर केल्या. चालू द्यायचं का?

मी मान हलवली. हो म्हणून.

"कोणी?" त्यांनी कानाला हात लावला.

"कडूबाईनं!"

"ऐकू न्हाई आलं! कोणी?"

आता पुढच्या बायकाही ओरडत होत्या. अक्काच्या शेजारच्यासुद्धा. ती आधी हसली होती, गंमत समजून, पदर तोंडाला लावून. मग तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग चावी उचलून उभी राहिली, आणि बसलेल्यांच्या गुडघ्यांतून वाट काढत निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही. तिच्यासाठी कुणी पाय आखडले नाहीत.

त्या सभेची फीत संध्याकाळच्या आत सगळ्या मोबाइलवर होती. पोरांनी तिला गाणं जोडलं. पुढं अक्कानं वॉल फिरवला की पोरं कानाला हात लावून विचारायची, "कोणी?" पाणी नाही आलं की तिच्या दारात रिकामे हंडे आपटायचे. निवडणूक संपली, पंचायतीनं "लोकांची तक्रार आहे" म्हणून चावी काढून घेतली. त्या उन्हाळ्यात तिनं घराला कुलूप लावलं आणि जालन्यात मुलाकडं आली. मुलगा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे. तीही तिथंच एका बियाण्यांच्या कारखान्यात दाणे निवडायला लागली. माझ्या घरापासून रिक्षानं पाव तासाचं अंतर. मी कधी गेलो नाही. धाकट्या मुलाच्या लग्नाचं आवतण आलं होतं, तेव्हा मी आजारी पडलो.

यंदा पुन्हा थंडी, पुन्हा तुरीचा वास, पुन्हा कर्णे. आबासाहेब थकले, आता त्यांचे चिरंजीव उभे आहेत. त्यांचा फोन आला. "सर, वडलांसाठी तुम्ही तो पाण्याचा सवाल लिहिल्ता ना, तसलं कायतरी द्या. जाम चाललं होतं ते. फीत अजून फिरून राह्यली!"

फीत खरोखरच फिरत होती. माझ्याही मोबाइलवर आली, वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांकडून, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. पूर्ण पाहिली. तिच्यात मी आहे, पायऱ्यांपाशी, कडेला, अर्धा. मान हलवतो ते दिसतं. माहीत असेल तरच दिसतं.

मी चिरंजिवांना काही कळवलं नाही. दोन दिवस घरात येरझारा घातल्या. बायको म्हणाली, "जमीन झिजंल." तिसऱ्या दिवशी एमआयडीसीची रिक्षा धरली.

कारखान्याच्या फाटकातून बायकांचा घोळका बाहेर पडत होता, केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. अक्कानं मला आधी ओळखलं. "बापू? तू हिकडं कसा काय?" जणू मी गेल्या आठवड्यात भेटलो होतो. टपरीवर तिनंच चहा सांगितला, दुधाचा. शेजारून लोखंडाच्या सळ्यांचे ट्रक खडखडत जात होते.

"ती फीत पुन्हा आली म्हणं," ती म्हणाली. "नातू सांगत व्हता. आजी, तू तर फेमस हाईस." ती हसली. "गावाकडं जावं म्हणते बापू. घर पडून राह्यलं. पण वेशीत पाय टाकला की पोरं कानाला हात लावतेत. ह्या वयात कोणाकोणाशी भांडू?"

मी मान खाली घालून चहा पीत होतो.

"एक इचारू का?"

"विचार ना अक्का."

"आबासाहेबानं तुझ्याकडं पाह्यलं व्हतं. तू मान काऊन हलवली?"

म्हणजे तिनं पाहिलं होतं. इतकी वर्षं तिला माहीत होतं, आणि लग्नाचं आवतण तरीही आलं होतं. मी ट्रक जाईपर्यंत थांबलो. ट्रक गेला. ती तशीच माझ्याकडं बघत होती. घाई नव्हती तिला. तिला उत्तर हवं होतं, आणि ते येईपर्यंत ती बसून राहणार होती. असा सवाल मी आयुष्यात एकदाही लिहिलेला नव्हता.

"भ्यालो," मी म्हणालो.

"भ्यालेला माणूस चूप बसतो बापू. मान हलवत न्हाई."

मग मला खरं सांगावं लागलं. "लोक हसत होते. सभा रंगली होती. माझी ओळ होती ती. तुझीच, पण मला माझी वाटत होती. ती पडू नये असं वाटलं."

तिनं कपातला गाळ बाहेर फेकला. म्हणाली, "मला काऊन सांगतो? मला तर म्हाईत हाय. गावात जाऊन सांग."

आचारसंहितेमुळं ग्रामसभा नव्हती. म्हणून मी पाणी येण्याचा दिवस विचारून घेतला आणि सकाळच्या एसटीनं गेलो. टाकीखाली हंड्यांची रांग, बायका, काही म्हातारे, दुचाकीवर कॅन अडकवलेली पोरं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजाची तयारी करून दिली, स्वतःचा आवाज कुठून काढायचा तेच कळेना. "माझं जरा ऐका," म्हणालो. एकीनं हंडा सरकवत सांगितलं, "सर, पाणी भरू द्या, मंग बोला. जाईल ते!"

तरी बोललो. सवाल केला नाही एकही. म्हणालो, "पाणी कडूबाईनं पळवलं नव्हतं. पाणी आबासाहेबांच्या मेव्हण्याच्या मोसंबीला जात होतं. टाकीखालच्या पाइपातून. मला त्या सभेच्या आधीपासून माहीत होतं. तो सवाल मी लिहिला होता, आणि तिचं नाव निघाल्यावर चालू द्या म्हणून खूण मीच केली."

मला वाटलं होतं, गलका होईल. कुणी चिडेल, कुणी शिव्या देईल. काहीच झालं नाही. नळ वाहत होता. शेवटी पारावरचे एक म्हातारे, भीमराव तात्या, तंबाखू मळत म्हणाले, "म्हाईत हाय की सर. पाइप काय झाकलेला हाय का? सगळ्यायला म्हाईत हाय."

"मग तिचं नाव का घेतलं तात्या?"

तात्यांनी तंबाखू दाढेत धरली. "गंमत व्हती ती. मेव्हण्याचं नाव घेऊन तिथंच कोण मरणार? अन् कडूबाईचं नाव घेतल्यानं कोणाचं काय बिघडणार व्हतं?"

लोक माना डोलवणार होते. मला ती लय ठाऊक आहे, सवाल पडला की माना कशा डोलतात ती. तेवढ्यात रांगेतून एक बाई म्हणाली, हंडा न उचलता, "कडूबाईचं बिघडलं की."

कुणी हसलं नाही. पोरांपैकी एकानं मोबाइल बाहेर काढला होता, तो त्यानं खिशात घातला.

चिरंजिवांपर्यंत हे मी घरी पोचायच्या आधीच पोचलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मला संस्थेच्या कुठल्या दूरच्या शाळेवर पाठवणार, याची कुजबुज शिक्षक खोलीत आहे. बायकोला मी सगळं सांगितलं, त्या नशेसकट. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला घेतली.

त्या संध्याकाळी अक्काला फोन केला. काय म्हणालो ते सांगितलं, तात्या काय म्हणाले ते सांगितलं. मग ती बाई काय म्हणाली ते.

"कोण म्हणलं?" तिनं विचारलं.

"शेवंताबाई. वरच्या आळीतली."

पलीकडं कारखान्यातली मशीन चालू होती.

"शेवंता," अक्का म्हणाली. "तिच्या नळाला कधीच दाब नव्हता, बापू. समद्यात जास्ती शिव्या मला तिनंच दिल्यात."